अर्धवट शिकलेल्यांचे गाव

माद्रिदला स्पॅनिश शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचा एखादा तरी शनिवार तोलेदोच्या वाट्याला जातो. इंग्रजी नकाशे वाचून आपण या गावाला टोलेडो म्हणत आलो; तिथले लोक तोलेदो म्हणतात. माद्रिदच्या आतोचा स्थानकावरून वेगवान गाडीने निघाले तर सत्तरेक किलोमीटरचा पल्ला अर्ध्या तासात संपतो. सहलीचा साचाही ठरलेला. सकाळी गटाने निघायचे, कॅथेड्रल बघायचे, सान्तो तोमे चर्चमधले एल ग्रेकोचे मोठे चित्र बघायचे, बदाम-साखरेच्या मासापानचे खोके घ्यायचे, ताहो नदीवरच्या पुलावर सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे. आठवडाभर क्रियापदांची रूपे घोटून कंटाळलेल्यांना एवढा विरंगुळा पुरतो. अशी सहल सहसा अभ्यासाच्या तासांत धरत नाहीत, करमणुकीत धरतात. माझ्या मते हिशेब इथेच चुकतो. जी भाषा हा विद्यार्थी शिकतो आहे, ती घडवण्यात त्याच्यासारख्याच माणसांचा, म्हणजे दुसऱ्याची भाषा धडपडत, अर्धीमुर्धी शिकणाऱ्यांचा मोठा हात होता. त्या माणसांच्या खुणा एका दिवसात पायी फिरून बघता येतील इतक्या दाटीने क्वचितच कुठे सापडतात. तोलेदो बघणे हा स्पॅनिशच्या विद्यार्थ्याचा अभ्यासच आहे.

खुणा गावात शिरण्याआधीच सुरू होतात. तोलेदोला तीन बाजूंनी ताहोचा वेढा आहे, चौथ्या बाजूला तट. रेल्वे स्थानकावरून चालत आले की पुएन्ते दे आल्कान्तारा लागतो. 'पुएन्ते' म्हणजे स्पॅनिशमध्ये पूल, आणि आल्कान्तारा हे अरबी 'अल्-कन्तरा', म्हणजे पुन्हा पूलच. ज्यांना अरबी कळत होते त्यांना नुसते अल्-कन्तरा पुरत होते. ज्यांना कळेनासे झाले त्यांना ते विशेषनाम वाटले आणि त्यांनी त्याला आपला शब्द जोडून दिला. धनदौलत आणि बाजारहाट म्हणणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपल्याही या जोड्यांत एक शब्द घरचा आणि एक बाहेरून आलेला. पुलावरून चढ चढून गेले की गावचा मुख्य चौक, सोकोदोवेर. मूळ अरबी 'सूक अद्-दवाब्ब', ओझ्याच्या जनावरांचा बाजार. आज तिथे कॉफीची टेबले मांडलेली असतात आणि जनावरे फक्त नावात उरली आहेत.

उत्तरेच्या वेशीपाशी मराठी विद्यार्थ्याने जरा जपून राहावे. तिचे नाव पुएर्ता दे बिसाग्रा. स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा' म्हणजे दाराची बिजागरी, आणि आपला बिजागरी हा शब्दही पोर्तुगीज 'बिसाग्रा'वरून आला असे मानतात; चावी, साबण, मेज, पगार यांच्याच वाटेने, गोवा-वसईच्या किनाऱ्यावर उतरून. तेव्हा वेशीचे नाव वाचताच आपल्याला ते समजले असे वाटते. पण वेशीचा बिजागरीशी काही संबंध नाही. प्रचलित मत असे की हे नाव अरबी 'बाब', म्हणजे दार, आणि तोलेदोच्या उत्तरेकडच्या ला साग्रा या मुलखाचे नाव यांच्या संयोगातून आले. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या कानांनी त्यातून ओळखीची बिजागरी ऐकली, आणि आधीच दार असलेल्या नावापुढे आणखी एक 'पुएर्ता', म्हणजे दार, लावले. परक्या भाषेतला शब्द नीट न कळता ओळखीच्या शब्दात कोंबायचा, ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची चूक इथे गावाची वेस होऊन उभी आहे.

स्पॅनिशमध्ये अरबीतून आलेले शब्द, त्यांच्यापासून साधलेले शब्द धरून, चारेक हजार असल्याचे सांगतात. त्यांतले कितीतरी मराठी माणसाचे नातेवाईक निघतात. नगराध्यक्ष तो 'अल्काल्दे', म्हणजे आपला काजी. जकातीचे कार्यालय ते 'अदुआना', म्हणजे दिवाण. 'अल्ग्वासिल' म्हणजे वजीर; फरक इतकाच की आपल्याकडे वजीर सिंहासनाशेजारी बसला आणि तिकडे पायऱ्या उतरत उतरत कोर्टाचा बेलीफ झाला. 'असुकार' म्हणजे साखर: संस्कृत शर्करा, फारसी शकर, अरबी सुक्कर असा प्रवास करून तिकडे पोहोचलेली. पण शब्द काय, व्यापाराने आणि राज्यकर्त्यांमुळे कुठेही झिरपतातच, त्यात शिकणाऱ्यांचे कर्तृत्व कोणते, असा आक्षेप कोणी घेईल. तोलेदोपुरते त्याचे उत्तर असे, की इथे झिरपण्याच्या जोडीला आणखी एक काम चालले: माणसे समोरासमोर बसून, ठरवून, एका भाषेतले दुसऱ्या भाषेत नेत होती.

१०८५ साली कास्तिलचा राजा सहावा आल्फोन्सो याने तोलेदो जिंकले. त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे गाव मुस्लीम सत्तेखाली होते. राज्य बदलले तरी भाषा बदलायला घाई झाली नाही. मोझाराब म्हणून ओळखले जाणारे तिथले ख्रिस्ती लोक अरबी वापरत राहिले. जमिनींची खरेदीखते आणि मृत्युपत्रे १२व्या आणि १३व्या शतकांतही ते अरबीत लिहून घेत; अशी हजाराहून अधिक कागदपत्रे आन्हेल गोन्सालेस पालेन्सिया या अभ्यासकाने १९२६पासूनच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध केली. अरबी ग्रंथ हाताशी आणि ते वाचणारी माणसेही हाताशी, हे कळल्यावर युरोपभरचे विद्वान तोलेदोची वाट धरू लागले. इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड आला तो टॉलेमीच्या 'अल्माजेस्त' या खगोलग्रंथासाठी. त्याला अरबी येत नव्हते. तो इथे राहून ते शिकला, ११८७मध्ये मरेपर्यंत सत्तराहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले, आणि तरीही त्याच्या शेजारी गालिप नावाचा एक मोझाराब मदतीला बसत असे, अशी नोंद त्याच्या काळातल्या एका इंग्रज विद्वानाने करून ठेवली आहे.

हे शेजारी बसणे नीट समजून घेण्यासारखे आहे. इब्न सीनाच्या आत्म्यावरील ग्रंथाचे भाषांतर तोलेदोत झाले, त्याच्या प्रस्तावनेत कामाची रीत सांगितली आहे. अरबी जाणणारा ज्यू पंडित एकेक शब्द मोठ्याने लोकांच्या बोलीत सांगत जाई आणि दोमिंगो गुन्दिसाल्वो हा धर्मगुरू ऐकून तो लॅटिनमध्ये उतरवी. एकाला अरबी पक्के, दुसऱ्याला लॅटिन पक्के, आणि दोघांना सामाईक होती ती बाजारातली बोली. विद्येची भाषा म्हणून तिला कोणी विचारत नव्हते. ग्रंथ अरबीतून निघून लॅटिनमध्ये पोहोचत होता, पण मधल्या क्षणी तो त्या बोलीत उच्चारला जात होता. इब्न सीनाचे तत्त्वज्ञान प्रथम या बोलीच्या तोंडी आले ते लिहिण्यासाठी नाही, दोन पंडितांची अडचण भागवण्यासाठी. आजच्या भाषावर्गात शिक्षिका दोन वेगवेगळ्या देशांचे विद्यार्थी एका बाकावर बसवते आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये एकमेकांना काही समजावायला सांगते, तेव्हा ती तोलेदोचीच पद्धत चालवत असते.

पुढच्या शतकात या मधल्या भाषेचे नशीब फळफळले. १२२१मध्ये तोलेदोतच जन्मलेला आणि १२५२ ते १२८४ राज्य केलेला दहावा आल्फोन्सो याने भाषांतरे लॅटिनपर्यंत न नेता त्या बोलीतच, म्हणजे जिला आज आपण स्पॅनिश म्हणतो त्या कास्तिलियनमध्येच, थांबवायला लावली. खगोलशास्त्र, कायदा, इतिहास, बुद्धिबळ, सगळे कास्तिलियनमध्ये. आतापर्यंत जी बोली एका पंडिताच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात जाऊन विरत होती, ती आता कागदावर राहू लागली. त्याचे कारण राजाच्या पदरचे ज्यू विद्वान असावेत, त्यांना चर्चच्या लॅटिनचे ममत्व नव्हते, असे काही इतिहासकार मानतात. राज्यकारभाराला सर्वांना कळणारी भाषा हवी होती हे कारणही तितकेच बळकट आहे. खगोलावरच्या एका ग्रंथाची प्रत १२७६मध्ये सुधारली, तिच्या प्रास्ताविकात म्हटले आहे की अनावश्यक आणि कास्तिलियनमध्ये न शोभणारे शब्द राजाने स्वतः काढून टाकले. राजा मुद्रितशोधक झाला होता. परक्या भाषांतून विचार करणाऱ्या माणसांनी लिहिलेले स्पॅनिश त्याला खटकत होते, म्हणजेच स्पॅनिश गद्याचा आरंभीचा मोठा भाग अशा माणसांच्या हातचा होता. गंमत पुढेच आहे. १६व्या शतकात याच तोलेदोची भाषा शुद्ध स्पॅनिशचा नमुना मानली गेली, आणि शब्दाच्या अर्थावरून वाद झाल्यास तोलेदोच्या रिवाजाप्रमाणे निकाल द्यावा असा आल्फोन्सोचा कायदा होता, अशी आख्यायिका रूढ झाली. तसा कायदा उपलब्ध नाही. शुद्धतेची गादी मात्र भेसळीच्या पेठेला मिळाली.

या भाषांतरांच्या लाटेत आपल्याकडचाही माल होता. आल्फोन्सो राजपुत्र असताना, १२५१मध्ये, 'कालिला ए दिम्ना' हे पुस्तक कास्तिलियनमध्ये आले. हे आपले पंचतंत्र, सहाव्या शतकात पहलवीत आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाच्या अरबीत जाऊन तिकडे पोहोचलेले. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे वाटेत कालिला आणि दिम्ना झाले. त्याहून बोलका किस्सा गणिताचा आहे. भारतीय गणितींनी वर्तुळाच्या अर्ध्या जीवेला 'ज्या' किंवा 'जीवा' म्हटले. अरबांनी ध्वनी तसाच ठेवून लिहिले. अरबी लेखनात स्वर गाळतात, त्यामुळे पुढच्या वाचकाने तो शब्द 'जैब' असा वाचला. जैब म्हणजे वस्त्राची घडी, छातीजवळची खोळ. १२व्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे इमानाने 'सिनुस' केले, आणि आज स्पॅनिश विद्यार्थी त्रिकोणमितीत 'सेनो' लिहितो तेव्हा तोच शब्द वक्षासाठीही वापरतो. आपली मुले शाळेत 'साइन' म्हणतात तो याच चुकीचा वारसा. एका विद्यार्थ्याच्या वहीत ही चूक असती तर लाल शाईने खोडली गेली असती.

भाषांतर करणाऱ्या या मधल्या माणसाचे महत्त्व स्पॅनिश साहित्यालाही ठाऊक होते. सेर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते'मध्ये, १६०५च्या पहिल्या भागात, गोष्ट अचानक तुटते आणि निवेदक सांगतो की पुढची कथा त्याला तोलेदोच्या बाजारात अरबी हस्तलिखितात सापडली. ती वाचून द्यायला तो एक मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेला मुसलमान, गाठतो. मेहनताना ठरतो दोन आरोबा बेदाणे आणि दोन फानेगा गहू. दीड महिन्यात काम पुरे. (भाषांतरकारांचे दर तेव्हापासून फारसे वाढलेले नाहीत.) आरोबा हे वजनही अरबीच, 'रुब्अ' म्हणजे पाव हिस्सा, साधारण साडेअकरा किलो, आज ईमेलच्या पत्त्यातल्या चिन्हालाही स्पॅनिशमध्ये आरोबाच म्हणतात. स्पॅनिशमधला सर्वांत मोठा ग्रंथ स्वतःला अरबीचे भाषांतर म्हणवून घेतो, हा विनोद खरा, पण तो तोलेदोत घडवला आहे हे विसरू नये. आणि ज्याच्या चित्रासाठी गट रांगेत उभा राहतो तो एल ग्रेको? क्रीट बेटावरचा दोमेनिकोस थिओतोकोपुलोस, व्हेनिस आणि रोममार्गे १५७७मध्ये तोलेदोला आला आणि १६१४मध्ये इथेच वारला. चित्रांवर सही तो ग्रीक लिपीत करत राहिला. त्याच्या टोपणनावातला 'एल' स्पॅनिश आहे, 'ग्रेको' इटालियन. शुद्ध स्पॅनिशमध्ये ते 'एल ग्रिएगो' व्हायला हवे होते. कोणी दुरुस्त केले नाही.

इथे जाणकार वाचक भुवया उंचावेल. तीन संस्कृतींचे गाव, ख्रिस्ती-मुस्लीम-ज्यू यांचे गुण्यागोविंदाने नांदणे, हे पर्यटन खात्याचे लाडके चित्र आहे, आणि त्यावर घेतलेला संशय रास्त आहे. 'भाषांतरकारांची शाळा' हे नावही १९व्या शतकातल्या अभ्यासकांनी दिलेले. तशी इमारत, तसे वर्ग, तसे हजेरीपट तेव्हा नव्हते. १३९१मध्ये ज्यूंची कत्तल तोलेदोतही झाली. १४४९मध्ये याच गावाने धर्मांतरित ज्यूंना अधिकारपदांपासून दूर ठेवणारा, रक्ताच्या शुद्धतेवर उभा असलेला नियम केला; स्पेनमधला तो या जातीचा पहिला. १४९२मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढले, आणि किहोतेचा मोरिस्को भाषांतरकार छापील पुस्तकात अवतरला त्यानंतर चारच वर्षांत मोरिस्कोंच्या हकालपट्टीला सुरुवात झाली. हे सगळे मान्य. पण माझा मुद्दा सलोख्यावर अवलंबून नाही. शब्द घ्यायला प्रेम लागत नाही, गरज लागते. भाषांतराच्या मेजावर बसलेले दोघे मित्र होते याला पुरावा नाही, लागतही नाही. उलट तोलेदो बघून येणाऱ्या विद्यार्थ्याला हेही कळावे की माणसे हाकलता येतात, शब्द हाकलता येत नाहीत: हकालपट्टीचा हुकूम ज्या अल्काल्दे आणि अल्ग्वासिलांनी बजावला, त्यांची पदनामे अरबीच होती.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. सहलीत विद्यार्थी स्पॅनिश बोलतच नाहीत. आपापसांत इंग्रजी चालते, आणि तोलेदोचा दुकानदार परदेशी चेहरा बघून स्वतःच इंग्रजीत किंमत सांगतो. हे खरे आहे. गट एकाच देशाचा असेल तर या दिवसाचा बोलण्यासाठी उपयोग जवळजवळ शून्य. पण गटात जपानी, ब्राझिली, पोलिश, मोरोक्कन अशी सरमिसळ असेल आणि इंग्रजी सगळ्यांना सारखी येत नसेल, तर चढ चढताना, वाट चुकल्यावर, बोकादियो नावाचा पावात भरलेला खाऊ वाटून घेताना त्यांना स्पॅनिशवाचून गत्यंतर नसते. ते स्पॅनिश चुकीचे असते, हातवाऱ्यांनी सजलेले असते. भाषा वापरात येते ती याच मधल्या जागेत, जिथे ती दोघांपैकी कोणाचीच नसते. गटातल्या मोरोक्कन मुलीला आल्कान्तारा, सोकोदोवेर ही नावे कोणी समजावून सांगावी लागणार नाहीत. त्या दिवशी तीच इतरांची गालिप. शिक्षकांनी गट पाडताना एवढा विचार केला तरी पुष्कळ.

राहिला वेळेचा प्रश्न. एका दिवसात तोलेदो बघून होत नाही, म्हणून जाऊच नये असे म्हणणारे असतात. सगळे बघायचे असेल तर त्यांचे बरोबर आहे. १९८६मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेलेले हे जुने गाव आठवड्यातही संपणार नाही. पण भाषेच्या विद्यार्थ्याला सगळे नको आहे. कॅथेड्रलमध्ये अर्धा दिवस घालवण्यापेक्षा त्याने बाब अल्-मर्दूमजवळची छोटी मशीद बघावी. आज तिला क्रिस्तो दे ला लूस, प्रकाशाचा ख्रिस्त, म्हणतात. तिच्या दर्शनी भिंतीवर विटांच्याच जडणीतून अरबी अक्षरे रचली आहेत आणि त्यांत हिजरी ३९०, म्हणजे इसवी ९९९-१०००च्या सुमाराचे साल आहे. पुढे तिला चर्चचा भाग जोडला तोही त्याच विटांचा, त्याच कमानींचा. कारागिरांनी नव्या धन्याचे काम जुन्याच व्याकरणात केले. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, रस्ते गोट्यांचे आणि चढणीचे, म्हणून बिसाग्राच्या बाजूने तटाखालून वर नेणारे सरकते जिने वापरायला लाजू नये. सकाळी लवकर पोहोचावे. दुपारी माद्रिदच्या बसगाड्या रिकाम्या झाल्या की गल्ल्यांत पाय ठेवायला जागा उरत नाही. मुक्काम केला तर उत्तमच. 'तोलेदोची रात्र काढणे' असा स्पॅनिश वाक्प्रचार आहे, पण त्याचा अर्थ रात्रभर डोळ्याला डोळा न लागणे. एका दिवसात परतणाऱ्यांची त्यातून सुटका होते.

शेवटचे दोन तास मात्र जुन्या ज्यू वस्तीतल्या सिनागोगा देल त्रान्सितोसाठी राखून ठेवावेत. राजा पेद्रोचा खजिनदार सामुएल हा-लेव्ही याने १३५७च्या सुमारास ते बांधले. काही वर्षांतच त्याच राजाच्या हुकमाने त्याचा अंत झाला. आतल्या भिंतींवर चुन्याच्या नक्षीत हिब्रू ओळी फिरवल्या आहेत, आणि त्याच नक्षीच्या पाना-वेलींत अरबी अक्षरेही गुंफलेली आहेत: ख्रिस्ती राज्यात, ज्यू प्रार्थनास्थळात, अरबी. बाजूला संग्रहालय आहे, फलक स्पॅनिशमध्ये आहेत आणि मधल्या पायरीवरच्या विद्यार्थ्याला ते वाचता येतात. सहलीचा दिवस ठरवताना फक्त सोमवार टाळा. त्या दिवशी ते बंद असते.